एका पॉइंटचा हिशेब : महायुद्धातली अमेरिकन रेशन टोकनं

२७ फेब्रुवारी १९४४ पासून अमेरिकेतल्या किराणा दुकानांत आणि मांसाच्या दुकानांत सुट्ट्या पैशांसोबत आणखी एक सुटी चीज गिऱ्हाइकाच्या हातावर पडू लागली. लाल किंवा निळ्या रंगाची, शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी, १६ मिलिमीटर व्यासाची गोल चकती. मधोमध एकचा आकडा, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक रोमन अक्षर आणि कडेने ‘ओपीए रेड पॉइंट’ किंवा ‘ओपीए ब्लू पॉइंट’ एवढाच मजकूर. तिच्यावर साल नव्हतं, देशाचं नाव नव्हतं, कुणा राष्ट्राध्यक्षाचा मुखवटाही नव्हता. नुसत्या या चकतीवर दुकानातून काही मिळत नसे, पैसे वेगळे मोजावेच लागत. पण खिशात डॉलर कितीही असोत, पॉइंट संपलेले असले तर लोण्याची वडीही मिळत नसे.

अशा लाल चकत्या सुमारे ११० कोटी पाडल्या गेल्या आणि निळ्या सुमारे ९० कोटी. त्या वेळच्या अमेरिकेच्या लोकसंख्येने भागलं, तर माणशी चौदा-पंधरा येतात. जुनी नाणी जमवणारे अशा मुबलक वस्तूकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. माझं मत नेमकं उलट आहे. रेशन टोकनाचं ऐतिहासिक मोल त्याच्या मुबलकपणातच आहे. श्रीमंताच्या आणि गिरणी कामगाराच्या घरी एकाच मापाने अन्न पोचावं म्हणून एका सरकारने केवढा खटाटोप केला होता, त्याचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे. हा खटाटोप का करावा लागला, हे समजून घ्यायचं तर दोन वर्षं मागे, आशियाच्या किनाऱ्यांवर जावं लागतं.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पुढच्या काही महिन्यांत मलाया, सिंगापूर, फिलिपाइन्स, डच ईस्ट इंडीज हा सगळा मुलूख जपानच्या ताब्यात गेला. अमेरिकेचं नैसर्गिक रबर मुख्यतः याच भागातून येई. कथिलाची मोठी आवक मलायातून होती. फिलिपाइन्समधून साखर येत होती. ही सगळी वाहतूक बंद पडली आणि उरलेल्या समुद्रांवर जर्मन पाणबुड्यांचा धुमाकूळ सुरू झाला. म्हणूनच अमेरिकेत रेशनिंगची सुरुवात मोटारीच्या टायरांपासून झाली, जानेवारी १९४२ मध्ये. पाठोपाठ साखर आली. डब्यातल्या भाज्या आणि फळं रेशनवर गेली, त्यामागे एक कारण डब्याच्या पत्र्याला लागणाऱ्या कथिलाचं होतं. सैन्यासाठी टिकाऊ डबाबंद अन्न हवं होतं, मित्रराष्ट्रांना धाडायचं होतं, आणि घरी कारखान्यांत दिवसरात्र काम चालल्यामुळे लोकांच्या हातात पूर्वी कधी नव्हता एवढा पैसा खुळखुळत होता. माल कमी, पैसा जास्त. बाजार मोकळा सोडला असता, तर भाव आभाळाला भिडले असते आणि ज्याच्याकडे पैसा त्याचंच ताट भरलं असतं.

हे होऊ नये म्हणून जे खातं उभं राहिलं ते ‘ऑफिस ऑफ प्राइस ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजेच टोकनावरचं ओपीए. लिऑन हेंडरसन हे त्याचे पहिले प्रमुख. १९४३ पासून चेस्टर बोल्स यांनी कारभार सांभाळला. याच बोल्स यांना पुढे भारतात दोनदा राजदूत म्हणून पाठवण्यात आलं. किमतींच्या नियंत्रणाची जबाबदारी १९४३ च्या मध्यापर्यंत ज्या तरुण अर्थतज्ज्ञाकडे होती, ते जॉन केनेथ गालब्रेथही १९६१ ते १९६३ या काळात दिल्लीत राजदूत होते. टायरच्या रेशनिंगच्या विभागात १९४२ साली काही महिने नोकरी केलेला एक वकील पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, रिचर्ड निक्सन. पण ओपीएची खरी ताकद गावोगावच्या स्थानिक मंडळांत होती. अशी पाच हजारांहून अधिक मंडळं देशभर होती आणि त्यांत बसणारे बहुतेक लोक बिनपगारी स्वयंसेवक होते, त्याच गावात राहणारे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावानिशी ओळखणारे.

मे १९४२ मध्ये पहिलं रेशन पुस्तक निघालं. त्याच्या नोंदणीसाठी लोकांनी जवळच्या शाळेत जायचं होतं आणि शिक्षकांनी पुस्तकं भरून द्यायची होती. त्या पुस्तकावर धारकाचं नाव, वय, उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, एवढं सगळं नोंदलेलं असे. आज संग्राहकांच्या हाती येणाऱ्या पुस्तकांमध्ये तान्ह्या बाळांचीही पुस्तकं सापडतात, कारण घरातल्या प्रत्येक माणसाचं पुस्तक वेगळं होतं. आईबापांनी बाळाच्या वतीने सही करावी आणि त्याच्या वाट्याची साखर घरात यावी, असा तो नियम.

साखरेचं रेशन सोपं होतं. वस्तू एकच, माणशी माप ठरलेलं, एका तिकिटाला अमुक इतकी साखर. पण डबाबंद भाज्या, फळांचे रस, सूप, मटण, चीज, लोणी, तेल-चरबी यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात. कुणाला कोणतं मांस आवडतं, कुणाच्या घरी काय खपतं, हे सरकार कसं ठरवणार? त्यासाठी पॉइंटची पद्धत आली. १ मार्च १९४३ पासून डबाबंद अन्न निळ्या पॉइंटवर गेलं आणि २९ मार्चपासून मांस, लोणी, चीज आणि चरबी लाल पॉइंटवर. दर महिन्याला प्रत्येक माणसाच्या नावे ४८ निळे पॉइंट जमा होत, लाल पॉइंट आठवड्याला १६. ते कशावर खर्च करायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता प्रत्येक वस्तूला दोन किमती झाल्या. एक डॉलर-सेंटमध्ये, दुसरी पॉइंटमध्ये. ही दुसरी किंमत ठरवताना वस्तू किती महाग आहे हे पाहायचं नाही, ती किती टंचाईत आहे आणि तिला किती मागणी आहे एवढंच पाहायचं, हे या योजनेचं मर्म. ज्या मालाची आवक वाढे त्याचे पॉइंट उतरत, जो दुर्मीळ होई त्याचे चढत. रेशन सुरू झालं तेव्हा लोण्याच्या एका पाउंडाला ८ पॉइंट पडत होते. वर्ष संपता संपता ते १६ वर गेले आणि १९४५ च्या सुरुवातीला २४ वर. पॉइंटचे नवे तक्ते वर्तमानपत्रांत छापून येत आणि दुकानांच्या भिंतींवर लागत. गृहिणी ते तक्ते पाहून आठवड्याचा बेत ठरवत. या आठवड्यात चांगलं मटण आणलं, तर लोण्याला मुरड घालायची. डबाबंद टोमॅटो टाळून परसातले पिकवायचे, म्हणजे निळे पॉइंट फळांसाठी उरतील. संसाराचं अंदाजपत्रक दोन चलनांत मांडायची ही कसरत अमेरिकेतल्या कोट्यवधी स्त्रियांनी जवळजवळ तीन वर्षं केली. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावं येतात. या स्त्रियांच्या हिशेबाची नोंद मात्र त्या मानाने फार कमी ठिकाणी आहे.

योजना चोख होती, पण कागदाने तिला जेरीस आणलं. सुरुवातीची तिकिटं ८, ५, २ आणि १ पॉइंटची होती, टपालाच्या तिकिटाहूनही लहान. गिऱ्हाइकाने ती फाडून दुकानदाराला द्यायची. दुकानदाराने ती मोजायची, कागदावर चिकटवायची आणि नवा माल उचलताना घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा बँकेत भरायची. होय, बँकेत. १९४३ च्या सुरुवातीपासून देशभरच्या बँकांत रेशनची खाती उघडली गेली होती. व्यापारी त्यांत पॉइंट जमा करत आणि माल घेताना पॉइंटचे धनादेश लिहीत. पैशाइतकाच काटेकोर असा हा दुसरा व्यवहार बँकांच्या कारकुनांना रोज निस्तरावा लागे. एकेका पॉइंटचे ते इवलेसे कपटे कोट्यवधींनी जमत. दुकानदार वैतागले, बँका मेटाकुटीला आल्या.

त्यावर तोडगा निघाला तो टोकनांचा. चौथ्या रेशन पुस्तकातलं प्रत्येक लाल आणि निळं तिकीट यापुढे सरसकट १० पॉइंटचं धरायचं आणि वरचे सुटे पॉइंट दुकानदाराने टोकनांत परत करायचे. समजा, एखाद्या बाईने ८ पॉइंटचं लोणी घेतलं, तर ती लाल तिकीट देणार आणि दोन लाल टोकनं परत घेणार. तिकिटांना मुदत असे. टोकनाला ती नव्हती. तेच टोकन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती जाणार, मग तिसऱ्याच्या. एकदा फाडलेलं तिकीट मोजणीच्या दावणीला बांधलं जाई. टोकन मात्र फिरत राही, आणि त्यामुळे मोजायच्या तिकिटांचा ढीग एकदम उतरला.

टोकन कशाचं बनवायचं हाही प्रश्न होताच. धातूचा विचारच करायला नको होता. तांबं काडतुसांना हवं म्हणून १९४३ साली अमेरिकेने आपला एक सेंटचा पैसासुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला होता. पाच सेंटच्या नाण्यातूनही निकेल काढून घेतलं होतं. म्हणून टोकनासाठी व्हल्कनाइज्ड फायबर निवडलं गेलं. कापसाच्या लगद्याच्या कागदाचे थर जस्ताच्या क्षाराच्या द्रावणातून काढून, एकमेकांवर दाबून, धुऊन वाळवले की हा पदार्थ तयार होतो. विजेच्या सामानात, बॅगांत, वायसरांत तो वापरला जात असे. तो कठीण असतो, वजनाला हलका असतो आणि त्यावर ठसा चांगला उमटतो. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातल्या ऑस्बोर्न रजिस्टर कंपनीने ही टोकनं पाडली.

लाल टोकन मिळवायची आणखी एक वाट होती. तळण झाल्यावर कढईत राहिलेली चरबी अमेरिकन गृहिणी डब्यात गाळून ठेवत आणि मांसाच्या दुकानात नेऊन देत. तिच्यापासून ग्लिसरीन निघे आणि ग्लिसरीन स्फोटकांना लागे. १९४४ मध्ये अशा एका पाउंड चरबीला दुकानदार चार सेंट आणि दोन लाल पॉइंट देत असे. स्वयंपाकघरातलं वापरून झालेलं तेल दारूगोळ्यात जायचं आणि त्याच्या बदल्यात घरात थोडं लोणी यायचं. सगळा देश युद्धात उतरतो म्हणजे काय, हे या एका देवघेवीतून जितकं कळतं तितकं मोठमोठ्या भाषणांतून कळत नाही.

या व्यवस्थेत दोषही होते आणि ते झाकायचं कारण नाही. मांसाचा काळाबाजार चालला, पेट्रोलची बनावट कुपनं निघाली. हॉटेलात जेवणाऱ्याला स्वतःचे पॉइंट मोजावे लागत नसत, त्यामुळे पैसेवाल्याला तेवढी पळवाट राहिलीच. डिसेंबर १९४४ मध्ये साठा घटल्याचं पाहून ओपीएने लोकांनी काटकसरीने शिलकीत ठेवलेली तिकिटं एका फटक्यात रद्द केली आणि लोक भडकले. ज्यांनी सरकारच्या शब्दावर विसंबून बचत केली, नेमकं त्यांनाच नागवलं गेलं. विश्वासावर चालणाऱ्या योजनेला असा तडा गेला की तो सहजी बुजत नाही. तरीही एकंदर जमाखर्च मांडला, तर पारडं योजनेच्या बाजूने झुकतं. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सामान्य माणसाच्या घरात लोणी आणि साखर कमी आली, पण ती ठरल्या मापाने आली.

जपान शरण गेल्यावर ऑगस्ट १९४५ मध्येच डबाबंद अन्नाचं रेशन उठलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये मांस आणि लोणी मोकळं झालं. साखर मात्र जून १९४७ पर्यंत रेशनवर राहिली. टोकनं एका रात्रीत निरुपयोगी झाली आणि घरोघरच्या खणांत, शिवणाच्या डब्यांत, मुलांच्या खेळण्यांत पडून राहिली. संग्राहकांचं काम तिथून सुरू होतं.

टोकनावरची ती दोन अक्षरं गिऱ्हाइकाच्या कामाची नव्हती. कोणतीही अक्षरं असोत, मोल एकच पॉइंट. संग्राहकाला मात्र तीच अक्षरं हवी असतात. लाल टोकनांत अक्षरांच्या ३० जोड्या सापडतात, निळ्यांत २४, म्हणजे पूर्ण संच ५४ टोकनांचा. यांतली बहुतेक आजही किरकोळ किमतीला मिळतात. ‘एम’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं असलेलं लाल टोकन मात्र दुर्मीळ, आणि पुष्कळांचा संच त्या एकासाठी अडून राहतो. अमेरिकेत रेशन टोकनं जमवणाऱ्यांची स्वतंत्र संस्थाही आहे. टोकनांबरोबर रेशन पुस्तकं, पॉइंटचे तक्ते, दुकानदारांचे फॉर्म, बँकांच्या पॉइंटचे धनादेश हेही जमवलं जातं. कॅनडाने १९४५ मध्ये मांसासाठी मधोमध भोक असलेली निळसर फायबरची टोकनं काढली, तीही या संग्रहांत असतात. युद्ध संपल्यावर, युरोपातल्या भुकेल्या लोकांना मांस पाठवता यावं म्हणून कॅनडाने आपल्या नागरिकांवर पुन्हा रेशन लादलं होतं. ते टोकन हातात घेताना ही गोष्ट विसरता कामा नये. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही टोकनं ठेवणाऱ्याने एक काळजी घ्यावी. फायबर ओल शोषतं, फुगतं आणि वाकतं. त्यांना पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या डबीत ठेवायचं.

मराठी वाचकाने परदेशातल्या या चकत्यांत एवढा रस का घ्यावा? कारण जपानच्या ज्या मुसंडीने अमेरिकेचं कथिल आणि रबर तोडलं, तिनेच आपला तांदूळ तोडला. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांदूळ येत असे, तो थांबला. मुंबई इलाखा धान्याच्या बाबतीत आधीच तुटीचा. मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी धान्याचं रेशनिंग सुरू झालं, म्हणजे अमेरिकेत पॉइंट सुरू झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी. घरातली माणसं मोजून कार्ड देणं, ठरलेल्या दुकानाशी ते जोडणं, आठवड्याचं माप ठरवणं, हे सगळं एका मोठ्या शहरासाठी आखून अमलात आणण्याचा मान हिंदुस्थानात मुंबईकडे जातो. त्याच काळात ‘कंट्रोल’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो कायमचा. कंट्रोलचं धान्य, कंट्रोलचं कापड, कंट्रोलचं रॉकेल.

त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. तिथे कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या माणसांसाठी धान्याची सोय आधी लावली गेली; खेड्यातल्या भूमिहीन मजुराला आणि कोळ्याला कुणी विचारलं नाही. बळींचा आकडा तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. कलकत्त्यात पूर्ण रेशनिंग सुरू झालं ते ३१ जानेवारी १९४४ रोजी, दुष्काळाचा कहर होऊन गेल्यावर. त्यानंतर चारच आठवड्यांनी अमेरिकेतल्या दुकानांत ती लाल-निळी टोकनं आली. या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की सुन्न व्हायला होतं. एका देशात एका पॉइंटच्या सुट्ट्याची नड भासली, तर त्यासाठी अब्जावधी चकत्या पाडल्या गेल्या. दुसऱ्या देशात, जो स्वतःचं सरकार निवडू शकत नव्हता, माणसं रस्त्यावर मेल्यावर कार्डं छापली गेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की बंगालमध्ये लोक मेले ते धान्य संपलं म्हणून नव्हे, धान्यावर त्यांचा हक्क चालेना म्हणून. रेशनचं टोकन म्हणजे असा हक्क, छापून आणि मोजून हातात दिलेला.

हिंदुस्थानात अन्नाची टोकनं पाडली गेली नाहीत, आपला कारभार कागदी कार्डांवर चालला. पण टंचाईच्या खुणा इथेही चिक्कार आहेत. चिल्लर नाहीशी झाल्यामुळे नवानगर, जुनागड, मोरवी, बुंदी, बिकानेर अशा संस्थानांनी जाड कागदावर पैशापैशाची रोख कुपनं काढली. ब्रिटिश सरकारने धातू वाचवण्यासाठी १९४३ मध्ये भोकाचा पैसा पाडला. नाणी जमवणारे हे जपतात. पण रेशनकार्डं, परमिटं आणि कंट्रोलच्या दुकानांच्या वह्या यांच्याकडे आपलं लक्ष फारसं गेलेलं नाही. मुदत संपली की कार्ड फाडून टाकायचं किंवा रद्दीत घालायचं, ही आपली रीत.

म्हणूनच अमेरिकन संग्राहकांपासून आपण उचलावी अशी गोष्ट म्हणजे वस्तू स्वस्त आणि सर्रास असली तरी तिची नोंद ठेवण्याची सवय. १९४३ ते स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं या काळातलं एखादं कार्ड घरातल्या जुन्या ट्रंकेत निघालं, तर ते कुणाच्या नावाचं होतं, घरात माणसं किती होती, दुकान कोणत्या पेठेतलं, माप किती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवावं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वस्तुसंग्रहालयांनी आणि इतिहास मंडळांनी अशा कार्डांचे संच जमवायला घ्यावेत. आपल्या शहरांनी त्या वर्षांत अन्न कसं वाटून घेतलं आणि कुणाच्या वाट्याला ते आलंच नाही, याचा इतिहास लिहायचा तर सरकारी अहवालांच्या जोडीला हीच साधनं लागणार आहेत, आणि ज्यांना त्या काळाची आठवण आहे अशी माणसं आता थोडीच उरली आहेत.